चावीशिवाय पडलेला सिग्नल

“आधी करवंदं, मग पोहणं!” सानवी म्हणाली.

“आधी पोहणं! करवंदं काय पळून जातायत?” रय्यान म्हणाला आणि लगेच गाल फुगवून त्याने वानराचा आवाज काढला. “हुप्प! हुप्प!” आवाज इतका हुबेहूब होता की खालच्या फणसावरचा कावळा घाबरून उडाला.

“पुरे रे! भरती दुपारची आहे. तोवर करवंदं. झालं!” हुदाने निकाल देऊन टाकला. ती बारा वर्षांची, रय्यान तिचा दहा वर्षांचा भाऊ आणि सानवी त्यांची सुट्टीतली मैत्रीण. दर मे महिन्यात सानवी मुंबईहून नांदखोलला आजोबांकडे यायची, आणि ती आली की यांची सुट्टी खऱ्या अर्थाने सुरू व्हायची.

तिघं कातळाच्या कडेला दगडी कुंपणाच्या गडग्यावर पाय सोडून बसली होती. हातात तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. खाली सगळं नांदखोल पसरलेलं. लांब खाडीचं चमचमणारं पाणी, अलीकडे माडांची रांग, आणि मधून गेलेला एकच एक रूळ. हा काही मोठ्या गाड्यांचा रूळ नव्हे. खाडीकाठी एका कंपनीचं सिमेंटचं गोदाम आहे, तिथे जाणारा हा खासगी फाटा. आठवड्यातून दोनदाच मालगाडी यायची, सोमवारी आणि शुक्रवारी, दुपारी बाराच्या सुमारास. रूळ गावचा रस्ता ओलांडत होता तिथे फाटक होतं, आणि फाटकावर सानवीचे आजोबा, काशीराम.

हुदाने कैरीचा तुकडा तोंडात टाकला आणि तिचा हात तसाच राहिला.

“पडला! हात पडला!”

“कुणाचा?” रय्यान दचकला.

“सिग्नलचा!”

फाटकापासून तीनशे पावलांवर, वळणाशी सिग्नलचा उंच खांब होता. वर लाल रंगाचा लोखंडी हात. हात आडवा असला की गाडीने थांबायचं. तो तिरका खाली पडला की वाट मोकळी, बिनधास्त यायचं. आत्ता तो खाली पडला होता! आणि फाटक? फाटक तर सताड उघडं! एक रिक्षा आरामात रूळ ओलांडत होती.

“पण आत्ता दहाच वाजलेत,” सानवी पुटपुटली. “गाडीला दोन तास आहेत.”

बघता बघता हात पुन्हा वर गेला. पुन्हा पडला. पुन्हा वर! जणू कुणी खांबावर बसून गावाला टाटा करत होतं.

तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली. गेल्या शुक्रवारची. त्या दिवशी गाडी आली तेव्हा सिग्नल पडलेला होता आणि फाटक उघडं. हुदाचा तन्वीरमामू माशांचा टेम्पो घेऊन नेमका रुळावर! ड्रायव्हरने कचकचून ब्रेक लावले म्हणून गाडी दहा पावलांवर थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण ड्रायव्हरने तक्रार लिहिली. आता बुधवारी चौकशीला कंपनीच्या मॅडम येणार होत्या. चहाच्या टपरीवर लोक सरळ म्हणत होते, “काशीराम म्हातारा झाला. झोपला असेल.” हुदाच्या अम्मीनेही बजावलं होतं, “त्या फाटकाकडे फिरकू नका.”

“अम्मीने फाटकाकडे जायला नको म्हटलंय,” रय्यानने आठवण करून दिली.

“फिरकायचं नाही म्हणाली. आपण धावत जाऊ!” हुदा म्हणाली आणि गडग्यावरून उडी मारून सुटली.

फाटकाच्या खोलीत काशीराम जागे होते. टक्क जागे. खाकी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, समोर झेंड्या गुंडाळून ठेवलेल्या, हिरवी डावीकडे, लाल उजवीकडे. मागच्या पडवीत सानवीची आजी मथुरा तांदूळ निवडत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती,

*लोखंडाच्या वाटेवरी लोखंडाचा घोडा आला,*
*माझ्या धन्याच्या हाताने गाव थांबला नि चालला.*

“आजोबा! सिग्नल आपोआप पडला! दोनदा! आम्ही डोळ्यांनी पाहिलं!” सानवी धापा टाकत म्हणाली.

काशीराम हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “नाय गो बाय. तसं होऊच शकत नाय. या, दाखवतो.”

त्यांनी रहाटाशेजारच्या कुलपात अडकलेल्या वीतभर लांब लोखंडी चावीवर बोट ठेवलं.

“हे फाटक पहिल्यापासूनच म्हातारं. कंपनीने रूळ टाकला तेव्हा कुठल्याशा बंद पडलेल्या मार्गावरून उचलून आणलं. पण अक्कल बघा त्याची! यार्डातून फोन येतो, ‘गाडी निघाली, फाटक लावा.’ मी शिट्टी फुंकतो, दोन्हीकडची माणसं-गुरं थांबवतो नि हा रहाट फिरवतो. घंटा वाजत वाजत दोन्ही दांडे खाली येतात. दांडे पुरते खाली बसले, तरच त्या कुलपातून ही चावी सुटते. बोटभर जरी वर राहिले तरी नाय सुटायची! मग ही चावी इथे, या खटक्याच्या पेटीत घालायची. तेव्हा खटका मोकळा होतो. खटका ओढला की तार ओढली जाते, नि तिकडे हात पडतो. जोवर हात पडलेला, तोवर चावी पेटीत अडकलेली. चावी नाय तर फाटक उघडणार कसं?”

“म्हणजे एकाची शेंडी दुसऱ्याच्या हातात!” रय्यान म्हणाला.

“अगदी बरोबर, रे! माणूस चुकला तरी हे लोखंड चुकू देत नाय.”

हुदाने खटका दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हुं की चूं नाही. चावीशिवाय तो भिंतीसारखा घट्ट होता.

“मग शुक्रवारी कसा पडला, काशीआजोबा?”

काशीरामांनी चावीवर हात ठेवला.

“तेच तर, बाय. फोन आला नि मी गुरं बाजूला करून दांडे पाडणार, तोच गाडी आली, एवढंच मला आठवतंय. पण चावीशिवाय हात पडत नाय. म्हणजे मीच पाडला असणार. काहीतरी खटपट करून मीच फाटक उघडलं असणार. नि मला ते आठवत नाय.” त्यांचा आवाज खाली गेला. “पुढल्या महिन्यात भुयारी रस्ता सुरू होतोय. मग फाटक बंद, नि मी घरी. सव्वीस वर्षं झाली. डाग घेऊन जाईन, चालेल. पण माझ्या डोक्यावरचाच माझा भरवसा गेला, तर काय करू?”

पडवीतलं गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं. म्हातारा माणूस रडला असता तर हुदाला इतकं वाईट वाटलं नसतं. पण ते रडत नव्हते. सदऱ्याच्या बाहीने ते चावी पुसत होते.

“आम्ही तिघांनी पाहिलंय,” ती ठामपणे म्हणाली. “आणि आमच्या तिघांच्या डोक्यावर आमचा भरवसा आहे!”

“माझ्या डोक्यावर माझा आहे,” सानवी म्हणाली. “रय्यानच्या डोक्याचं मी सांगू शकत नाही.”

“ए!”

काशीराम पहिल्यांदाच हसले.

सोमवारच्या बाराच्या गाडीला तिघं खोलीतच थांबली. फोन खणखणला. पलीकडून आवाज आला, “काशीराम, गाडी निघाली. फाटक लावा.” शिट्टी, रहाट, टण् टण् टण् घंटा! दांडे खाली बसले. काशीरामांनी चावी काढली, वहीतला एक आकडा फोनवर सांगितला नि लगेच त्यावर काट मारली.

“हा कसला आकडा?” सानवीने विचारलं.

“माझं वचन! फाटक लागलं, याची खूण. हा आकडा एकदाच वापरायचा, म्हणजे कालचं वचन आज चालत नाय.”

मग त्यांनी चावी पेटीत घातली आणि खटका ओढला. त्याच क्षणी हुदाने कान टवकारले. लांबून, सिग्नलच्या बाजूने, आवाज आला. खडखड, खणखण! कुणीतरी भांड्यांची उतरंड पाडावी तसा.

“ऐकलंत?”

“कुणाच्या घरी मांजर शिरलं असेल,” रय्यान म्हणाला.

“तिकडे घर कुठंय? नुसती अनिलभाऊंची कलमांची बाग आहे!”

गाडी धडधडत निघून गेली. काशीरामांनी हिरवी झेंडी गुंडाळली. फाटक उघडायला चावी सोडवायची म्हणून खटका मागे टाकला, तेव्हा पुन्हा तोच आवाज, खडखड, खणखण!

हुदाचे डोळे चमकले. “सानवी, आज सकाळी हात पडायच्या आधी काय ऐकलं आपण?”

“या वेड्याचं हुप्प हुप्प.”

“आणि हात पडला तो त्याच्यानंतर लगेच. आजोबा, ही तार जाते कुठून?”

“रुळाच्या कडेने, अनिलच्या बागेच्या पायथ्याने. करवंदीच्या जाळीतून. पूर्वी सिग्नलवर रॉकेलचा दिवा होता. तो भरायला रोज संध्याकाळी मी तारेच्या कडेने चालत जायचो. आता वर उन्हावर चालणारा दिवा बसवलाय. वर्ष झालं, तिकडे पाऊल नाय टाकलं. तेलपाणी करणारा माणूसही चार महिने फिरकला नाय.”

“चला!” हुदा म्हणाली. “करवंदं खायला!”

तार गुडघाभर उंचीवरून, लहान लहान चाकांच्या कप्प्यांवरून गेली होती. तिच्या कडेकडेने तिघं वाकून चालू लागली. ऊन मी म्हणत होतं. करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडले, पण एकानेही फळाला हात लावला नाही. (रय्यानने लावला. पण दोनदाच.)

बागेच्या पायथ्याशी जाळी दाट होती. हुदाने फांदी बाजूला केली आणि ती जागच्या जागी बसली.

“या अल्ला! हे बघा!”

तारेला एक नायलॉनची दोरी बांधलेली होती. घट्ट, दुहेरी गाठ. तिथून दोरी वर बागेत शिरली होती, एका कलमावरून दुसऱ्या कलमावर. आणि दोरीला जागोजाग डबे! तेलाचे, पावडरीचे, रंगाचे, आत खडे घातलेले. दोरीचं दुसरं टोक पार वर, अनिलभाऊंच्या मांगराच्या, म्हणजे बागेतल्या राखणीच्या खोपटाच्या, दारात.

“वानरं हाकलायला!” सानवी कुजबुजली. “पण दोरी तारेला कशाला बांधायची? झाडाला बांधायची की!”

हुदाने डोळे मिटून विचार केला. “झाडाला बांधली तर ओढल्यावर एकदाच वाजेल. तार कशी ताणलेली असते! सिग्नलकडचं वजन तिला मागे खेचतं. दोरी ओढली की डबे वाजले, सोडली की आपोआप मागे, परत वाजले! माणसाने बाजेवर पडल्या पडल्या नुसती दोरी हलवायची.”

“आणि तिकडे हात पडतो, वर जातो, पडतो, वर जातो!” रय्यान ओरडला.

“कोण ते?” वरून गर्जना आली. मांगराच्या दारात अनिलभाऊ उभे राहिले होते, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने लुंगी सावरत. “हापूस चोरायला आलात? थांबा, तंगड्याच मोडतो!”

“अनिलभाऊ, तुमची दोरी...”

“दोरी गेली खड्ड्यात! पळा आधी!”

पळावंच लागलं. फाटकाच्या अलीकडे वडाच्या पारावर तिघं धापा टाकत बसली.

“आत्ताच्या आत्ता आजोबांना सांगू या!” रय्यान म्हणाला.

“आणि मग?” सानवी म्हणाली. “आजोबा जाऊन विचारणार. अनिलभाऊ घाबरणार नि दोरी सोडून टाकणार. बुधवारी मॅडम आल्या की म्हणणार, कसली दोरी, कुठली दोरी!”

“फोटो काढ ना तुझ्या फोनवर!”

“काढलाय. डबा दिसतोय. डब्याने सिग्नल पडतो हे कुठे दिसतंय?”

हुदा पायाने मातीत रेघा ओढत होती. “आता गाडी थेट शुक्रवारी. म्हणजे बुधवारपर्यंत धोका नाही. मॅडमना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. आणि ते अनिलभाऊच दाखवतील!” तिने सावकाश भावाकडे पाहिलं. “रय्यान, तुझा तो आवाज...”

रय्यानने छाती फुगवली. “हुप्प?”

“हुप्प!” दोघी एकदम म्हणाल्या.

बुधवारी दहा वाजता दमयंती मॅडम जीपमधून उतरल्या. हातात जाड फाइल, कपाळावर आठी. तन्वीरमामूलाही त्यांनी बोलावलं होतं. टपरीवरची चार माणसं ‘सहज’ म्हणून येऊन उभी राहिली होती. मॅडमनी रहाट फिरवला, दांडे पाडून बघितले, चावी काढली, घातली, खटका दहा वेळा ओढून बघितला. मग दांडे खालीच ठेवून चावी स्वतःकडे घेतली.

“यंत्र चोख आहे, काशीराम. चावीशिवाय खटका हलत नाही. ड्रायव्हरने सिग्नल पडलेला पाहिला, या टेम्पोवाल्यांनी फाटक उघडं पाहिलं. मग मी काय लिहू?”

“जे दिसतं ते लिहा, साहेब,” काशीराम म्हणाले. मान खाली.

हुदा पुढे झाली.

“मॅडम, आज गाडी नाही ना? मग एक कराल? ही चावी मुठीत घट्ट धरा आणि बाहेर येऊन सिग्नलकडे बघा.”

“तू कोण?”

“मी हुदा. शुक्रवारी टेम्पोत होता तो माझा मामू आहे. मला खोटं बोलायचं असतं तर मी काशीआजोबांच्या विरुद्ध बोलले असते!”

तन्वीरमामू खोकला. मॅडमच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. त्या चावी मुठीत घेऊन बाहेर आल्या. पाराजवळ उभ्या असलेल्या सानवीने ओढणी हवेत फडकवली.

बागेच्या अंगाने आवाज आला, “हुप्प! हुप्प हुप्प!”

सगळे सिग्नलकडे बघत राहिले. हात आडवाच.

“हुप्प! हुप्प!”

काही नाही. टपरीवरच्या माणसांतला एक जण फिदीफिदी हसला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. “बाळ, मला परत रत्नागिरीला...”

‘झोपले वाटतं अनिलभाऊ!’ हुदाने टाचा उंचावून बागेकडे पाहिलं. ‘रय्यान, फांदी हलव! फांदी हलव ना रे!’

जणू त्याला ऐकूच गेलं. गडग्यावर टेकलेल्या फणसाची फांदी गदागदा हलू लागली आणि वानरांची अख्खी टोळी उतरावी तसा कल्ला उठला. आणि मग, खडखड! खणखण! खडखड!

लाल हात धाडकन पडला.

वर गेला. पडला. वर गेला. पडला!

मॅडमनी मूठ उघडली. चावी तिथेच होती. खटक्याची पेटी रिकामी होती. खोलीतला खटका जागच्या जागी होता, आणि तीनशे पावलांवर सिग्नल नाचत होता!

“अगं बाई!” मॅडम एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात रुळाच्या कडेने रय्यान धूम ठोकत आला. मागून काठी उगारलेले अनिलभाऊ. “वानर नव्हतं! हा गुलाम होता! धरा त्याला!”

रय्यान थेट मॅडमच्या मागे जाऊन लपला. अनिलभाऊंची काठी हवेतच राहिली. समोर फाइल, मॅडम, गावातली माणसं. त्यांच्या मनगटाला अजून दोरीचा फास होता आणि दोरीच्या तुटक्या टोकाला लोंबणारा पावडरीचा डबा धावताना मागे खडखडत आला होता.

“अनिल,” मॅडमनी शांतपणे विचारलं, “ही दोरी कुठे बांधली होती?”

अनिलभाऊंना आधी काही कळेना. हुदाने सगळं सांगितलं, दोरी, तार, सिग्नल, मामूचा टेम्पो. तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. ते मटकन रुळाशेजारी बसले.

“आईशप्पत सांगतो, मला वाटलं तार मेलीय. भुयार झालं, फाटक बंद होणार, सगळे म्हणत होते. ओरडून ओरडून घसा बसला होता माझा. ओढून बघितली, तर काय झकास मागे जाते! म्हटलं, फुकटची स्प्रिंग मिळाली.” ते तन्वीरमामूकडे बघू शकत नव्हते. “शुक्रवारी दुपारी वानरं आली होती. मीच ओढत होतो. तन्वीर, मीच...”

तन्वीरमामूने जाऊन अनिलभाऊंच्या मनगटावरचा फास सोडवला.

काशीरामही पुढे आले. “अनिल, रोज माझ्या पडवीत चहा पितोस. एकदा विचारायचंस, रे. काका, ती तार जिवंत आहे काय?”

“चुकलं, काका.”

“चूक एकट्या याची नाही,” मॅडम म्हणाल्या. “चार महिने तार तपासायला माणूस पाठवला नाही, ती चूक आमची. तेही लिहीन मी. आणि अनिल, शुक्रवारच्या आत दोरी, डबे, सगळं उतरलं पाहिजे. मी स्वतः तार चालत तपासणार आहे.” मग त्या मुलांकडे वळल्या. “आणि तुम्ही! चौकशी मी करायला आले होते, केली तुम्ही! यंत्रात चूक नाही, माणसात चूक नाही, म्हणजे चूक मधल्या वाटेवर आहे, हे मला सुचायला हवं होतं. शाबास!”

“पोरांनी नाव काढलं गावाचं!” टपरीवरचा, मघाशी हसलेलाच माणूस म्हणाला.

तन्वीरमामूने भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. “अम्मीला मी सांगतो. फाटकाकडे फिरकलात म्हणून ओरडायला लागली, तर तिला म्हणेन, यांच्यामुळे पुढच्या शुक्रवारी मी जिवंत घरी येणार आहे.”

“आणि आवाज कुणाचा होता?” रय्यान मॅडमच्या मागून डोकावला.

“वानराचा!” सानवी म्हणाली, आणि सगळे हसले. अनिलभाऊसुद्धा.

मॅडम खोलीतल्या टेबलाशी बसल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग कागद उचलून त्यांनी वाचलं, “तारेला बाहेरून दोरी बांधल्यामुळे सिग्नल पडला. फाटकवाले काशीराम यांनी आपलं काम नियमाप्रमाणे, सावधपणे आणि अचूक केलं होतं. त्यांची कोणतीही चूक नाही.”

काशीराम ताठ उभे होते. त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं, घसा खाकरला.

“साहेब, तेवढं परत एकदा वाचाल? हिला जरा कमी ऐकू येतं.” त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मथुराआजीकडे बोट केलं.

“मला?” आजी उसळली. “मला कमी ऐकू येतं? गाडी यार्डातून हलली की फोन वाजायच्या आधी मला...”

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोलता बोलता थांबली. पदराचं टोक हातात घेतलं.

“हो साहेब,” ती म्हणाली. “मला नीट ऐकू नाय आलं. वाचा परत. मोठ्याने वाचा.”